बुऱ्याची तार

विज्ञानाच्या पुस्तकात धातूंचं वर्णन ठरून गेलेलं असतं. चकाकी, वर्धनीयता, तन्यता, नादमयता, मग उष्णतेचं आणि विजेचं वहन. मुलं एका दमात म्हणून टाकतात. तन्यता म्हणजे धातूची तार काढता येणं, एक मार्क. एक ग्रॅम सोन्याची जवळजवळ दोन किलोमीटर लांब तार निघते, हे सांगितलं की वर्ग ‘ओऽऽ’ करतो आणि धडा पुढं सरकतो. ती तार कोण काढतं, कशातून काढतं, काढताना हाताला काय जाणवतं, याबद्दल पुस्तक गप्प असतं. मास्तरही गप्प असतो, कारण त्यानंही कधी काढलेली नसते.

मी शिकवतो ते हायस्कूल शाहूवाडी तालुक्यात आहे. मलकापूर सोडून आंब्याकडं निघालं की डोंगर दोन्ही बाजूंनी अंगावर येतात, त्याच बाजूला. पावसाळ्यात इथं वह्यासुद्धा घाम फुटल्यागत ओल्या होतात. घरटी एक माणूस पोटासाठी बाहेर असतो. पूर्वी मुंबईला गिरणीत असायचा, आता शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत असतो. आठवीतल्या एका मुलीचा भाऊ असाच शिरोलीत लेथवर कामाला. त्यानं सुट्टीला येताना तिला चुंबकाशी खेळायला लेथखालचा काळा बुरा पुडीत बांधून आणला होता. तन्यतेचा धडा चालू असताना तिनं ती पुडी बाकावर उलगडली.

“सर, धातूची तार निघती म्हणताय. मग ह्या बुऱ्याची निघंल काय?”

प्रश्न सरळ होता आणि पुस्तकातल्या ओळीची पंचाईत करणारा होता. बुरा धातूचाच आहे, चुंबकाला चिकटतो. मग त्याची तार का निघू नये? तेवढ्यात एका पोरानं कागदाखालून चुंबक फिरवून दाखवला. बुऱ्याचे कण एकामागं एक उभे राहिले, बारीक काळा धागाच तयार झाला. “ही बघा की तार!” चुंबक काढला, धागा मोडून पडला. सगळे हसले. पण मला ते पोरकट वाटलं नाही. तार म्हणजे काय, ते त्या पोरानं अर्धं सांगून टाकलं होतं. कण रांगेत उभे राहणं पुरेसं नसतं, ओढलं तरी त्यांनी एकमेकांना सोडता कामा नये.

पहिली अडचण बुऱ्याच्या जातीची होती. शिरोलीतून आलेला बुरा बहुतेक बिडाचा असतो. बीड म्हणजे काय, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही कळतं. उद्यमनगरच्या जुन्या कारखान्यांत ऑइल इंजिनं झाली ती बिडाच्या ओतकामावर, गुऱ्हाळाचे चरक झाले ते बिडाचे, आणि आज देशभरच्या गाड्यांचे सुटे भाग इथल्या फाउंड्र्यांत ओतले जातात तेही मोठ्या प्रमाणावर बिडाचेच. बिडात शेकडा तीनच्या आसपास कार्बन असतो. त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात लोखंडाच्या आत पसरलेला असतो. दाबाला बीड खंबीर, पण ओढलं किंवा आपटलं की भेग एका पापुद्र्यातून दुसऱ्यात धावत जाते. बिडाचा तवा हातातून निसटला की त्याचे दोन तुकडे का होतात, त्याचं कारण हेच. कुंपणाच्या किंवा सळया बांधायच्या तारेतलं लोखंड वेगळं. त्यात कार्बन शेकडा 0.1 च्या आगेमागे, म्हणून ते वाकतं, वळतं, पण तुटत नाही. थोडक्यात, पुडीतला बुरा वितळवून त्याचा गज केला असता तरी त्याची तार निघालीच नसती. धातू असूनही! पुस्तकातल्या त्या एका मार्काच्या ओळीला इथंच पहिला तडा गेला.

पुडी प्रयोगशाळेच्या कपाटात राहिली आणि पाऊस लागला. मग एक मजा झाली. पुडीतला बुरा गंजून त्याचा घट्ट गोळा झाला. पोरगी धावत आली, “सर, चिकटलं की!” बुरा खरंच चिकटला होता. बिडाचा बुरा नवसागर घालून मुद्दाम गंजवायचा आणि त्या लगद्यानं पाइपांचे सांधे बुजवायचे, ही जुन्या कारागिरांची रीतच होती. पण गोळ्यावर हातोडी पडली आणि पुन्हा सगळं पीठ झालं. लाल पीठ. कणाला कण चिकटला होता तो गंजानं. धातूला धातू लागलेलाच नव्हता. या एका गोळ्यानं जे शिकवलं ते मला पुढं सगळ्या प्रयोगात पुरलं. प्रत्येक कणाच्या अंगावर एक साल असते, आणि ती साल मधून निघाल्याशिवाय दोन कण एक होत नाहीत.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तसं आम्ही तांब्याकडं वळलो. कृषी सेवा केंद्रात मोरचूद मिळतो, बोर्डो मिश्रणासाठी नेतात तो. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की खिळ्यावर तांबं चढतं, हा प्रयोग शाळेत सगळेच करतात आणि खिळा लाल झाला की आनंदानं थांबतात. आम्ही खिळ्याऐवजी तोच बिडाचा बुरा टाकला, ताजा मागवून. 100 ग्रॅम मोरचुदात साधारण 25 ग्रॅम तांबं असतं आणि ते बाहेर काढायला 22 ग्रॅमच्या आसपास लोखंड लागतं. हिशेब मुलांनीच फळ्यावर मांडला. पाणी हळूहळू निळ्याचं फिकट हिरवं झालं, तळाला विटकरी गाळ साचला. लोखंड पाण्यात गेलं आणि पाण्यातलं तांबं खाली बसलं. बदल्यात बदली, चोख व्यवहार.

गाळ धुणं हे मात्र कंटाळ्याचं काम. उरलेला बुरा चुंबकानं काढायचा, तरी राहिलेला पातळ गंधकाम्लात विरघळवायचा. तांब्याला ते आम्ल काही करत नाही. बिडातलं ग्रॅफाइट काळं आणि हलकं, ते पाण्यात ढवळलं की वर राहतं आणि ओतून टाकता येतं. तांबं जड, ते तळ सोडत नाही. सोनारांच्या दुकानातली केरमाती धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या याच हिशेबावर पोट भरत आले. शेवटचं धुणं स्पिरिटनं केलं, कारण ओली तांब्याची भुकटी वाळेपर्यंत काळवंडते. वाळल्यावर हातात आली ती मऊ, तपकिरी, बिनचमकीची भुकटी. हे तांबं आहे, यावर वर्गातल्या निम्म्या पोरांचा विश्वास बसेना. मग एकीनं चिमूटभर भुकटी पाटीवर ठेवून चमच्याच्या पाठीनं दाबून घासली. तिथं लख्ख तांब्याचा पट्टा उमटला.

आमच्या कपाटात वर्नियर कॅलिपर आहे, पेरिस्कोप आहे, मानवी कानाची प्रतिकृती आहे. तार ओढायचं साधन नाही. ते मलकापूरच्या पेठेत एका म्हाताऱ्या सोनाराकडं आहे. मुलं त्यांना आबा म्हणतात. बाजारात तयार दागिना येऊ लागल्यापासून आबांचं जंतर बरेच दिवस खुंटीला होतं. जंतर म्हणजे पोलादाची पट्टी, तिच्यात ओळीनं भोकं, पहिलं मोठं, पुढचं त्याहून बारीक, असं शेवटाला डोळे ताणून बघावं लागेल इतकं. आबांनी भुकटी चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, “तांबं हाय व्हय? मला वाटलं वीट कुटून आणली.”

मुशीत भुकटी, वर सवागी, खाली कोळशाचा जाळ. तांबं 1085 अंशांना वितळतं. सोन्याची सवय असलेल्या भट्टीला ते अवघड नाही. सवागी वितळून काचेसारखी पसरते आणि कणांवरची साल स्वतःत ओढून घेते. हे मी मुलांना सांगत होतो तोवर आबांनी गोळी ओतलीही होती. थंड झालेली गोळी देखणी दिसत होती. ऐरणीवर दोन टोले पडले आणि कडा फाटल्या.

“ह्यात वारा ऱ्हायलाय,” आबा म्हणाले.

रसायनशास्त्र यापेक्षा फारसं जास्त सांगत नाही. वितळलेलं तांबं हवेतला ऑक्सिजन पितं, गोठताना आत बुडबुडे आणि ऑक्साइडच्या रेघा ठेवतं, आणि हातोडी पडली की तिथूनच फुटतं. तांब्याच्या कारखान्यांत यावर उपाय म्हणून वितळलेल्या रसात ओली लाकडं खुपसत, लाकडातून निघणारे वायू तो ऑक्सिजन ओढून घेत. आबांनी दुसऱ्यांदा मुशीत कोळशाची पूड जाड पसरली, रस तिच्याखाली झाकून ठेवला आणि लोखंडी पन्हळीत झटक्यात ओतला. या वेळी कांडी फाटली नाही.

मग ठोकणं, भाजणं, ठोकणं. कांडी लाल करून पाण्यात टाकली तेव्हा लोहाराघरच्या एका मुलानं लगेच हरकत घेतली, “आबा, असं केलं तर कडक हुईल की!” पोलादाचं तसंच होतं, विळा-कोयत्याला पाणी देतात ते त्यासाठीच. तांब्याचं उलटं. तापवून पाण्यात बुडवलं तरी ते मऊच पडतं. मऊपण येतं तापवण्यानं, पाणी फक्त वेळ वाचवायला. त्या मुलाला कांडी वाकवून बघायला दिली. त्यानं दोन बोटांत ती वळवली आणि हरकत मागं घेतली.

टोक कानशीनं निमुळतं करून भोकात घातलं, मेण लावलं, पलीकडून सांडशीत धरलं, आणि ओढायला मुलांना लावलं. जंतराच्या भोकातून तांबं ओढताना त्याचा जिवंत नकार हाताला कळतो. सुरुवातीला हिसका द्यावासा वाटतो, पण हिसक्यानं तार तुटते, एकसारख्या ओढीनं सरते. एका भोकातून निघाली की ती जराशी लांब, जराशी बारीक आणि बरीच ताठ झालेली असते. दोन-तीन भोकांनंतर ती ऐकेनाशी होते. मग पुन्हा जाळात घालायची, मऊ करायची, पुन्हा ओढायची. आतले स्फटिक ताणात चेपले-गुंतले जाऊन अडून बसतात, आणि जाळात त्यांची नव्यानं मांडणी होते. जाडी निम्मी झाली की लांबी चौपट होते, हे भूमितीत शिकवताना इतकं कुणी मन लावून ऐकलं नव्हतं. 1 ग्रॅम तांब्याची पाव मिलिमीटर जाडीची तार ओढली तर ती सव्वादोन मीटरच्या वर भरते. आमची तितकी बारीक झाली नाही, पण वर्गाच्या टेबलावर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरली, आणि सेल-बल्बला जोडल्यावर बल्ब लागला.

माझ्या लेखी प्रयोग संपला होता. पुडी आणणाऱ्या पोरीच्या लेखी नव्हता.

“सर, ह्ये वितळलं. वितळलं म्हंजे बुरा ऱ्हायलाच न्हाई की. तार रसाची झाली, बुऱ्याची कुठं झाली?”

वितळवणं ही खरंच पळवाट असते. आणि पळवाट प्रत्येक धातूला उपलब्ध नसते, म्हणून तिचा प्रश्न पोरकट नव्हता. दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञांपुढंही तो होता. प्लॅटिनम 1768 अंशांना वितळतं. तेव्हाच्या कुठल्याही भट्टीला ते जमत नव्हतं. आम्लात विरघळवून शुद्ध प्लॅटिनमची करडी भुकटी मिळवता येत होती, पण त्या भुकटीचं करायचं काय? लंडनच्या विल्यम हाइड वुलस्टननं ते कोडं सोडवलं, त्यावर चांगला पैसा कमावला, आणि कृती जवळजवळ मरेपर्यंत गुलदस्त्यात ठेवली. 1828 च्या अखेरीस, मृत्यूच्या काही आठवडे आधी, ती रॉयल सोसायटीपुढं वाचली गेली. भुकटी पाण्यात धुवायची, ओलीच पितळी नळकांड्यात भरायची, तरफेनं जबरदस्त दाबायची, वडी वाळवायची, भट्टीत मिळेल तितकी तापवायची आणि टोकांवर ठोकायची. बाजूंवर ठोकली तर चिरते. त्यात त्याची एक सूचना होती, जी वाचल्यावर मला आमच्या पाटीवरचा तो चमच्याचा पट्टा आठवला. भुकटी कठीण दगडी खलात घोटू नका, लाकडीच वापरा. कठीण खलात कण घासून गुळगुळीत झाले की पुढं ते एकमेकांना धरत नाहीत. हा माणूस असल्या गोष्टींत वस्ताद होता. प्लॅटिनमची तार चांदीच्या आत ठेवून दोन्ही एकत्र ओढायची आणि मग चांदी आम्लात विरघळवून टाकायची, या युक्तीनं त्यानं नुसत्या डोळ्याला धड न दिसणारी तार काढून दाखवली होती.

आम्हीही न वितळवता करून बघायचं ठरवलं. वुलस्टनच्या तरफेऐवजी एक मोठा पोलादी नट, दोन्ही बाजूंनी बोल्ट, मध्ये तांब्याची भुकटी. व्हाइसमध्ये धरून लांब पान्यानं दोघा-दोघांनी आवळलं. बोल्ट सोडवले तेव्हा आतून लहान चकती आली, कडेला नटाच्या आट्यांची नक्षी उमटलेली. अशी भुकटी पाहिली तर काटेरी, फांद्याफांद्यांची असते. दाबली की फांद्या एकमेकींत अडकतात. पण चकतीचा कोपरा नखानं खरवडला तर पीठ सुटायचं. फरशीवर टाकली तर ‘थप्‌’ असा मुका आवाज. मग ती डब्यात कोळशाच्या पुडीत पुरून, झाकण लिंपून, आबांच्या जाळात लाल होईपर्यंत ठेवली. वितळायला लागते त्याहून बरीच कमी उष्णता. हवा आत नाही, आणि कोळसा सालीतला ऑक्सिजन ओढून घेतो. जिथं कणाला कण टेकलेला असतो तिथं अणू एकीकडून दुसरीकडं सरकतात, सांध्याला मान फुटते, मान जाड होते. काहीही वितळत नाही. डबा उघडला तेव्हा चकती किंचित लहान झाली होती, आट्यांची नक्षी तशीच. तीच फरशी, तेवढीच उंची. या वेळी आवाज आला ‘टण्ण’.

नादमयता. धातूंच्या त्या यादीतला जो गुण परीक्षेत बहुतेक जण विसरतात, त्यानंच आम्हाला आत काय घडलंय ते सांगितलं.

हे सगळं आमच्या मुलांना परदेशी वाटायचं कारण नाही. या डोंगरात न वितळवता धातू घडवण्याचं काम पूर्वी होत होतं. विशाळगड आमच्याच तालुक्यात, आणि विशाळगड, पन्हाळा, भुदरगड या पट्ट्यातल्या लोहखनिजाची नोंद 1886 च्या कोल्हापूर गॅझेटिअरात आहे. तोवर स्वस्त विलायती लोखंडानं आणि जळणाच्या टंचाईनं इथल्या भट्ट्या विझत आल्या होत्या. सह्याद्रीतले धावड हे काम करायचे. महाबळेश्वरच्या बाजूला त्यांची नावाजलेली वस्ती होती. मातीची बुटकी भट्टी, लाल दगडाचा चुरा, कोळसा, भाता. लोखंड 1538 अंशांना वितळतं, आणि त्या भट्टीत तेवढी धग कधीच पोचत नव्हती. दगडातला ऑक्सिजन कोळसा ओढून घ्यायचा आणि घट्टच राहिलेलं लोखंड भोकाभोकांच्या गोळ्यासारखं तळाला साचायचं, मळीनं भरलेलं. मग तापवायचं, ठोकायचं, मळी पिळून काढायची, पुन्हा तापवायचं. शेवटी उरायचं ते कमी कार्बनचं, चिवट, तार ओढता येईल असं लोखंड. शिरोलीतलं बीड वितळतं आणि ओतलं जातं, पण त्याची तार निघत नाही. धावडांचं लोखंड कधी वितळलंच नाही, आणि त्याची निघत होती. बाजीप्रभूंच्या पावनखिंडीची गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ आहे, पण त्या काळातल्या चिलखताच्या कड्या म्हणजे अशाच लोखंडाच्या तारेचे वळसे, हे शाळेत आजवर कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. मीही सांगितलं नव्हतं.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल एकानं विचारलं. साहजिक होतं. आमच्या तालुक्यातल्या सड्यांवर बॉक्साइट आहे आणि तो खणावा की राखावा यावर इथं भांडणंही होतात. बॉक्साइटपासून पांढरी भुकटी करतात, अ‍ॅल्युमिना. तिच्यातून वीज खेळवून धातू सोडवायची रीत 1886 मध्ये अमेरिकेत हॉलला आणि फ्रान्समध्ये एरूला, वेगवेगळी, सापडली. खांबावरून जाणाऱ्या विजेच्या तारा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. पण अ‍ॅल्युमिनियमची भुकटी वर्गात आणू दिली नाही. एक तर ती भडकते. फटाकेवाले उगाच वापरत नाहीत. दुसरं म्हणजे तिच्या कणांवरची साल भलतीच हट्टी. आतला धातू 660 अंशांना वितळतो, साल 2000 अंश ओलांडल्यावर. कण आतून वितळले तरी आपापल्या पिशवीत बंद राहतात.

आणि न वितळवता भुकटीची तार निघते, याचा सगळ्यात मोठा पुरावा वर्गात डोक्यावर लटकत होता. एलईडी आले तरी आमच्या कोपऱ्यातल्या वर्गात जुना पिवळा बल्ब अजून आहे. त्यातली तार टंगस्टनची. टंगस्टन 3422 अंशांना वितळतं, सगळ्या धातूंत शेवटी. ते वितळवून ठेवायला मूस कशाची करणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टंगस्टनचे तंतू होते, पण भुकटीचा लगदा बारीक छिद्रातून पिळून भाजलेले, धक्का लागला की तुटणारे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज यानं 1910 च्या सुमारास टंगस्टनची लवचीक तार काढली. भुकटी दाबून कांडी, कांडीतून जबर वीज सोडून ती तापवायची, लाल असतानाच चहूबाजूंनी बारीक टोले देत लांबवायची, आणि शेवटी हिऱ्याच्या जंतरातून ओढायची. त्यात एक नवल आहे. तांबं ओढत गेलं की अडून बसतं, त्याला पुन्हा जाळात घालावं लागतं. टंगस्टन गार असताना काचेसारखं फुटतं, पण तापवून ओढत गेलं की दर भोकागणिक जास्त लवचीक होत जातं. भरपूर ओढ खाल्ल्यावर ते गारसुद्धा वळतं. सायन्सच्या मास्तरानं यावरून विद्यार्थ्यांना काही उपदेश करायचा मोह आवरावा, एवढंच म्हणतो.

आमच्या दाबलेल्या चकतीचं काय झालं ते राहिलं. आबांनी तिची पट्टी कापली, तापवून हळू हळू चौकोनी ठोकली आणि जंतराच्या मोठ्या भोकातून ओढली. तुटली. उरलेला तुकडा पुन्हा भाजून पुढच्या भोकातून. पुन्हा तुटली. सरतेशेवटी करंगळीएवढी तार हाताशी राहिली, खडबडीत, जाडसर. वितळवलेली तार शेजारी ठेवली तर हिच्याकडं कुणी बघणार नाही अशी.

दोन्ही तारा विज्ञान प्रदर्शनात गेल्या. प्रदर्शनाचं काय सांगायचं? थर्माकोलचा ज्वालामुखी, पुठ्ठ्याचं स्मार्ट शहर, हवेवर चालणारी न चालणारी गाडी. आमच्या टेबलावर मोरचुदाची बाटली, विटकरी भुकटी, आट्यांची नक्षी असलेली एक चकती आणि दोन तारा. परीक्षक आले, त्यांनी तक्ता कुठाय असं विचारलं, मग उपयोग काय असं विचारलं. पोरगी म्हणाली, “तार हाय की, सर.” परीक्षकांनी करंगळीएवढी ती तार उचलली आणि बोलता बोलता चिमटीत वाकवली. ती मोडली.

मला वाटलं, आता ही रडणार. तिनं दोन्ही तुकडे त्यांच्या हातातून घेतले, टेबलावरचं भिंग उचललं आणि मोडलेलं तोंड उजेडात धरलं. मग भिंग परीक्षकांच्या हातात दिलं. “बघा सर. ह्या बाजूला चकाकतंय तिथं धरल्यालं. ह्या बाजूला दाणं दिसत्यात, तिथं अजून बुराच हाय.” परीक्षकांनी चष्मा कपाळावर सारला आणि वाकून बघितलं. चांगलाच वेळ बघितलं. मागं रांग थांबली होती.

“आणि ती दुसरी?” त्यांनी विचारलं.

“ती वाकवा की,” पोरगी म्हणाली. “ती न्हाई मोडायची. पर ती वितळवल्याली हाय.”